दोरी उचलून आत गेलेली माणसं

तळ्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर वाचणाऱ्यांतले निम्मे जण ते लगेच मोबाइलवर शोधतील, फोटो बघतील आणि म्हणतील, वा, इथं तर गेलंच पाहिजे. तळ्याचा काही दोष नव्हता. थंडीत गोठायचं आणि उन्हं तापायला लागली की वितळायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते ते करत होतं. दोष आमचा होता. छत्रपती संभाजीनगरहून हौसेनं लडाखला गेलेल्या, शिकलेल्या, कमावत्या, चारचौघांत शहाणे म्हणवणाऱ्या आमच्या ग्रुपचा. हे रागानं लिहिलंय असं वाचताना वाटलं तर ते खरंच आहे.

मी पोहायला शिकवते. मुलींना आणि बायकांना. गारखेड्यात माझं घर आणि तिथून जवळच पोहण्याचा तलाव. पहिल्या दिवशी मी कुणालाच पाण्यात उतरू देत नाही. काठावर बसवते आणि पाण्यात माणूस कसा मरतो ते सांगते. आया तक्रार करतात की मॅडम लेकरांना घाबरवतात. घाबरवतेच. जायकवाडीच्या फुगवट्यात, पैठणच्या घाटावर, खडी काढून सोडलेल्या खाणींत साचलेल्या पाण्यात माणसं का जातात ते मला माहीत आहे. पोहता येत नाही म्हणून कमी जातात. "काय होतंय" म्हणून जास्त जातात.

या सहलीला मी निघाले ती धाकट्या बहिणीमुळं. सविता सिल्लोडला असते. तिचे यजमान दिलीपराव मक्याचे आणि कापसाचे व्यापारी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी लडाखची सहल ठरवली आणि मला फोन केला, "अक्का, तुम्ही पण चला. सविता एकटी बोर व्हईल, माझं काय, मी फोटो काढत हिंडणार." माणूस दिलदार. कुणाच्या दवाखान्याला धावेल, कुणाच्या लग्नात वाढायला उभा राहील. पण नाही हा शब्द त्यांना ऐकूच येत नाही. पंचवीस वर्षांत सवितानं किती वेळा नको म्हटलं असेल आणि किती वेळा ते हसण्यावारी गेलं असेल, देव जाणे.

लेह

विमानातून उतरल्यावर पहिला श्वास नाकात टोचला. फेब्रुवारी संपत आला होता, आमच्याकडं दुपारी पंखे सुरू झाले होते, आणि इथं हॉटेलच्या नळाला पाणीच नव्हतं. नळ गोठलेले. मालकीणबाईंनी प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी भरून ठेवलं होतं आणि वर मग ठेवला होता. ते बघून आमच्यातल्या सगळ्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. निकाळजे सर म्हणाले, "आपल्याला काय अवघड? आपण बाराही महिने ड्रमवरच जगतो."

निकाळजे सर म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बुद्ध लेण्यांजवळ राहणारे गृहस्थ. सोबत त्यांच्या पत्नी. लडाखचे गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघायचे म्हणून दोघं आयुष्यभर थांबली होती. प्रत्येक मूर्तीसमोर निकाळजे वहिनी हात जोडून इतका वेळ उभ्या राहायच्या की आमचा टूर मॅनेजर गिरीश घड्याळ दाखवायचा.

हा गिरीश आमच्याच शहरातला. चाळिशीचा, बोलायला गोड, गळ्यात शिट्टी. दर वर्षी लोकांना घेऊन येतो म्हणाला. हवेत ऑक्सिजन कमी म्हणून पहिले दोन दिवस नुसतं झोपायचं होतं, आणि ते त्यानं आम्हाला नीट पाळायला लावलं. त्यामुळं माझा त्याच्यावर विश्वास बसला. ती माझी चूक नव्हती. विश्वास ठेवण्यासाठीच तर माणूस टूर मॅनेजर नेमतो.

जेवणाचं सांगायचं तर मजा होती. मालकीणबाईंचं नाव पद्मा. त्यांना सगळे आमा-ले म्हणायचे, म्हणजे आईच. त्यांनी एका संध्याकाळी स्क्यू केलं. कणकेच्या छोट्या गोळ्या अंगठ्यानं दाबून, बटाटा-गाजराच्या दाट रश्शात शिजवलेल्या. पहिला घास घेऊन सविता माझ्याकडं बघायला लागली.

"अक्का, ही तर वरणफळं."

"वरण नाही फक्त."

"फोडणी बी नाही."

तिनं पिशवीतून शेंगदाण्याचा ठेचा काढला आणि आमा-लेंच्या ताटात थोडासा वाढला. त्यांनी तो चाखला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा हात पुढं केला. मग दोघी चुलीजवळ बसून एकमेकींना काय काय समजावत राहिल्या. सविताचं हिंदी तोडकं, आमा-लेंचंही तोडकं. त्यामुळं छान जमलं. खारट लोण्याचा चहा मात्र आमच्यापैकी कुणालाच जमला नाही. दिलीपरावांनी तो पिऊन "लई भारी" म्हटलं आणि उरलेला हळूच खिडकीतल्या कुंडीत ओतला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. हे सांगते ते यासाठी, की तोवर सगळं खरंच चांगलं चाललं होतं.

खिंडीच्या पलीकडं

चौथ्या दिवशी तळ्याकडं निघालो. आमच्या गाडीत मी, सविता, दिलीपराव, निकाळजे पतीपत्नी आणि गिरीश. बाकीचे मागच्या दोन गाड्यांत. आमची गाडी नोरबू चालवत होता, पन्नाशीचा शांत माणूस. खिंड चढताना दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या आणि आभाळ इतकं निळं की डोळे मिटावेसे वाटत होते. झाड नाही, पक्षी नाही. निकाळजे वहिनी म्हणाल्या, "इथं बोलावंसंच वाटत नाही."

खिंड उतरल्यावर गिरीशनं शिट्टी वाजवली आणि मोबाइलवर सगळ्यांना मागच्या वर्षीचा व्हिडिओ दाखवला. गोठलेल्या तळ्यावर त्याचे पाहुणे नाचत होते. बायका पदर खोचून, पुरुष जाकिटं काढून. दिलीपरावांनी तो तीनदा बघितला.

नोरबूनं आरशातून मागं बघितलं. "सर, इस बार बर्फ पे मत जाना। धूप तेज़ हो गई है।"

गिरीश मराठीत म्हणाला, "हे लोक असंच म्हणतात. परत न्यायची घाई असते त्यांना."

नोरबूला मराठी येत नव्हतं, पण सूर कळायला भाषा लागत नाही. त्यानं नजर आरशातून काढून रस्त्यावर ठेवली. मी बोलले. म्हटलं, "गिरीशभाऊ, त्यांचं ऐका. इथलं पाणी त्यांना माहीत."

"मॅडम, पाणी नाहीये ते, बर्फ आहे," तो म्हणाला आणि सगळे हसले.

तळं

तळं सुंदर होतं हे मला कबूल केलं पाहिजे. डोंगरांच्या मधोमध पांढरं-निळं मैदान, त्यावर वाऱ्यानं ओढलेल्या रेघा. काठावर लोखंडी खांब रोवून दोरी बांधली होती. मधोमध पाटी, हिंदीत आणि इंग्रजीत: बर्फावर जाऊ नका, जिवाला धोका. अक्षरं लाल, एवढाली. लांबूनही वाचता यावीत अशी.

आमच्या लोकांनी आधी त्या पाटीबरोबर फोटो काढले. कवटी काढलेली होती तिच्याशेजारी तोंड वेडंवाकडं करून. मग एकानं दोरी उचलून धरली आणि दुसरा वाकून आत गेला. मग त्यानं धरली आणि तिसरा गेला. बायकांसाठी तर दोघादोघांनी उचलून धरली, टोप्या अडकू नयेत म्हणून. इतक्या अदबीनं मी आमच्या लोकांना कधी बँकेच्या रांगेतही वागताना बघितलं नाही.

निकाळजे सरही गेले. काठापासून चार पावलं, पण गेले. त्यांच्या पत्नी गाडीतच थांबल्या होत्या. गिरीशनं स्पीकर आणला आणि गाणं लावलं. मधूनच तळ्यातून आवाज यायचा, खोलवरून कुणी कण्हावं तसा, आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायचा. दर वेळी लोक टाळ्या वाजवायचे.

मी दोरीच्या अलीकडून ओरडले. पोहणाऱ्यांवर ओरडून माझा आवाज तयार झालेला आहे, तो सगळ्यांना पोचला. "बाहेर या! आवाज येतोय तो ऐका! बाहेर या सगळे!"

दिलीपराव लांबून हात हलवून ओरडले, "अक्का, तुम्ही आहात ना संगं! बुडालो तर काढताल की!"

पुन्हा हशा.

हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकलंय. मी काठावर आहे म्हणजे पाणी आपोआप उथळ होतं असं लोकांना वाटतं. मी गिरीशला दंडाला धरून म्हटलं, "तुमची जबाबदारी आहे ही. शिट्टी वाजवा आणि बोलवा सगळ्यांना."

"मॅडम, काल एक ग्रुप इथं नाचून गेला. काही होत नाही. लोकांनी यासाठीच बुकिंग केलंय, मी नाही म्हटलं तर मलाच बोलतील."

नोरबू गाडीपाशी उभा होता. तो गाडीच्या मागं गेला आणि गाडी ओढायच्या दोन लांब दोऱ्या काढून बोनेटवर ठेवल्या. तेव्हा मला ते बघून बरं वाटलं नाही.

सविता माझ्याजवळ उभी होती. तिला पाण्याची भीती लहानपणापासून. पाचोडला आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठाशीही ती कधी गेली नाही. ती म्हणाली, "आपण गाडीत बसू गं. मला आवाजच सहन होईना." आम्ही वळणार तेवढ्यात दिलीपराव आले. चेहरा लाल, आनंदानं फुललेला.

"चल, आपला दोघांचा फोटो काढायचाय. पंचवीस वर्षांचा."

"इथंच काढा ना."

"इथं काय माती आहे. तिकडं चल, डोंगर येतो मागं."

"अहो नको. मी नाय येणार. मला भ्या वाटतंय."

"भ्या काय त्यात? एवढी माणसं हायेत. चल, आज भीतीच घालवू तुझी."

मी मधे पडले. "दिलीपराव, ती नको म्हणतेय."

"अक्का, दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं." त्यांनी तिचा हात धरला. आतल्या लोकांनी बघितलं आणि नारा सुरू केला, वहिनी, वहिनी, वहिनी. टाळ्यांच्या तालावर. सवितानं माझ्याकडं बघितलं. मी तिचा दुसरा हात धरला होता. तो तिनंच सोडवला, कारण एवढ्या लोकांत दोन बाजूंनी ओढाताण बरी दिसत नाही म्हणून. आमच्या बायका अशाच. जीव गेला तरी चालेल, तमाशा नको.

ती वाकली. दिलीपरावांनी दोरी उचलली. ती आत गेली.

दोन एसटी गाड्या एकामागं एक उभ्या कराव्या तेवढं अंतर ती दोघं गेली असतील. डावीकडं, जिथं डोंगरातून एक ओढा तळ्यात येऊन मिळत होता. तिथं बर्फाचा रंग वेगळा होता, पांढरा नाही, भिजलेल्या फरशीसारखा करडा. मला ते काठावरून दिसत होतं. मी पुन्हा ओरडले. गाण्याच्या आवाजात ते गेलं.

मोठा आवाज झाला नाही. सिनेमात दाखवतात तसं तडतड काही नाही. सविता उभी होती आणि मग कमरेएवढी झाली आणि मग नुसती टोपी दिसली. दिलीपरावांच्या हातात तिचा हात होता. त्यांचाही एक पाय आत गेला. त्यांनी हात सोडला, मागं पडले, आणि चार हातापायांवर सरपटत लांब गेले.

मी धावले. दोरीखालून गेले आणि उभ्यानंच धावले, जे करू नये ते. नोरबूनं मागून मला जाकिटाला धरून अक्षरशः खाली पाडलं. "लेट जाओ, मैडम। लेट के!" त्यानं गाडीची दोरी माझ्या काखेखालून बांधली आणि दुसरी, टोकाला फास असलेली, हातात दिली. "मैं भारी हूँ। आप जाओ, हम खींचेंगे।"

पोटावर सरकत गेले. बर्फ जाकिटातून छातीला भिडत होता. समोर सविता वर आली होती. जाड जाकिटात हवा होती म्हणून ती तरंगली. दोन्ही कोपरं तिनं कडेवर टाकली होती, कड तुटत होती, ती पुन्हा टाकत होती. ती ओरडत नव्हती. तिला ओरडताच येत नव्हतं. ती फक्त हवा आत ओढत होती, हॉ, हॉ, हॉ, एकामागं एक, बाहेर सोडायला वेळच नाही. बुडणारी माणसं मी बघितली आहेत, पण हे नव्हतं बघितलं. त्या थंडीनं छातीच पकडली होती तिची.

"सवे, माझ्याकडं बघ. श्वास सोड. आधी सोड. फुंकर मार, चुलीत मारतेस तशी."

तिनं माझ्याकडं बघितलं. ओठ जांभळे. तिनं फुंकर मारली.

"अजून एक. हां. आता पाय वर आण. मागं मार पाय. बेडकागत."

"येत... नाय... मला..."

"येतं. मार."

तिनं मारले. आयुष्यात कधी पाण्यात न उतरलेली माझी बहीण त्या काळ्या पाण्यात पाय मारायला लागली आणि आडवी झाली. मी फास तिच्या डोक्यावरून आणि एका हाताखालून घातला. तिच्या बोटांत पकड उरली नव्हती, दोरी हातात दिली असती तर सुटली असती. मी मागं वळून ओरडले, "ओढा!"

ती माझ्या अंगावरूनच बाहेर आली. उभी राहायला लागली तशी मी तिला खाली दाबलं. "लोळ. लोळत चल. उठू नको." मागं काठावर नोरबू, निकाळजे सर आणि आणखी दोघं दोरी ओढत होते. दिलीपराव तोवर तिथं पोचले होते आणि तेही ओढत होते, मोठ्यानं रडत. गाणं चालूच होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि एकजण, आमच्याच ग्रुपमधला, एवढा वेळ मोबाइल धरून शूटिंग करत होता. त्याचा हात जरासुद्धा हलला नाही, असं नंतर सगळे म्हणाले.

दवाखाना

गाडीत निकाळजे वहिनींनी आणि मी सविताचे ओले कपडे काढले आणि सगळ्यांच्या शाली तिच्याभोवती गुंडाळल्या. मी तिला छातीशी धरून बसले. मागच्या गाडीतल्या एकानं खिडकीतून ब्रँडीची बाटली पुढं केली, "हातपाय चोळा याच्यानं, दोन घोट पाजा." मी त्या माणसाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. इतकं गारठलेलं माणूस चोळायचं नसतं, त्याला दारू पाजायची नसते. एवढं मला माहीत होतं.

जवळच्या गावातल्या छोट्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सविताला हळूहळू ऊब दिली, नाडी पाहत राहिल्या, आणि ती थरथरायला लागली तेव्हा म्हणाल्या, "अच्छा है, काँपने दो।" मग बाहेर आल्या. आम्ही सगळे व्हरांड्यात उभे होतो.

"बोर्ड पढ़ा था?"

सगळे खाली फरशीकडं बघायला लागले.

"पढ़ना आता है ना सबको?" त्या एकेकाकडं बघत होत्या. "हर साल मैं यही पूछती हूँ। हर साल सब चुप रहते हैं।"

गिरीश पुढं सरकला. "मॅडम, एक्सिडेंट हो गया. किसकी गलती..."

"एक्सिडेंट नहीं है। वहाँ रस्सी है।"

एवढं बोलून त्या आत गेल्या. निकाळजे सर बाकावर बसले आणि त्यांनी चष्मा काढला. "मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, गोठलेल्या पाण्याखाली प्रवाह चालूच असतो म्हणून. फळ्यावर आकृती काढून." त्यांच्या पत्नी त्यांच्याशेजारी बसल्या होत्या. त्या त्यांना काहीच बोलल्या नाहीत आणि त्यांचा हातही हातात घेतला नाही. त्यांनी सरांना सहज सुटू दिलं नाही, हे मला फार बरं वाटलं.

गिरीश मात्र थोड्या वेळानं प्रत्येकाजवळ जाऊन हळू आवाजात सांगत होता, व्हिडिओ कुठं टाकू नका, उगाच बदनामी होते, आपलीच माणसं आहोत. माझ्याकडं आला तेव्हा मी विचारलं, "उद्या दुसऱ्या ग्रुपला आणाल इथं?"

"मॅडम, तुम्ही रागात आहात."

"आणाल का, ते सांगा."

तो शिट्टीशी चाळा करत राहिला. घरी परतल्यावर मी त्याच्या जाहिरातीचं पान उघडून बघितलं. तो नाचाचा व्हिडिओ अजून तिथं आहे.

लेहमध्ये परतल्यावर सविता आणखी काही दिवस दवाखान्यात होती. बोटं काळीनिळी झाली होती, त्यांवर फोड आले होते. आमा-ले रोज दुपारी सूप घेऊन यायच्या आणि पलंगाशी नुसत्या बसून राहायच्या. त्यांनी एकदाही विचारलं नाही की तुम्ही बर्फावर का गेलात. मला ते न विचारणं जास्त लागलं. ग्रुपमधले बाकीचे ठरल्याप्रमाणं पुढं फिरायला गेले. जाताना म्हणाले, वहिनींना सांगा, लवकर बऱ्या व्हा.

दिलीपराव सगळा वेळ तिथंच होते. पाणी आणायचे, औषध आणायचे, तिच्या उशीशी बसायचे. पण बोलताना म्हणायचे, "नशिबानं वाचलो." मी एकदा म्हटलं, "नशिबाचा काय संबंध?" ते उठून बाहेर गेले.

सिल्लोड

परत आल्यावर मला वाटलं होतं, निदान यातून कुणी काही शिकेल. झालं उलटंच. जो भेटेल त्याला दिलीपराव ही गोष्ट सांगत होते, आणि दर वेळी ती थोडी बदलत होती. आधी म्हणाले, सविताचा पाय घसरला. मग म्हणाले, बर्फ अचानक फुटला, कुणाला काय कळणार. मग म्हणाले, आम्ही सगळ्यांनी ओढून काढली. मग म्हणाले, मी ओढून काढली. तळ्यावर काढलेला तो व्हिडिओही सगळ्यांच्या मोबाइलवर आला होता, पण कुणीतरी आधीचा भाग कापलेला. सुरुवात थेट दोरी ओढण्यापासून होत होती. त्यात दिलीपराव रडत रडत दोरी ओढताना दिसतात. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, नवरा असावा तर असा म्हणून.

एक गोष्ट मला इथं सांगितलीच पाहिजे. त्यांनी हात सोडला याचा मला राग नाही. बुडणाऱ्याच्या हातात आपला हात अडकू देऊ नका, हे मी स्वतः शिकवते. त्यांनी तो धरून ठेवला असता तर दोघंही आत गेली असती आणि मला एकच फास पुरला नसता. त्या क्षणी माणसाचं शरीर जे करतं ते त्यांनी केलं. माझा राग आहे तो त्याआधीच्या क्षणाचा, ती नको म्हणत असताना तिला नेलं त्याचा. आणि तो क्षण प्रत्येक वेळी कापून टाकला जात होता, व्हिडिओतूनही आणि गोष्टीतूनही.

मागच्या महिन्यात मी सिल्लोडला गेले होते. सविता भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तिनं हातानं उलटली आणि मला कातडी करपल्याचा वास आला. तिला कळलंच नव्हतं. दोन बोटांच्या शेंड्यांना अजून काहीच कळत नाही, गरमही नाही, गारही नाही. बोट बघून तिनं ते पाण्याखाली धरलं. "रोजचंच झालंय," म्हणाली.

बाहेर बैठकीत दिलीपरावांचे शेजारी पठाणभाई आले होते. त्यांचं स्टेशनरीचं दुकान आहे. दोन मुली आणि बायकोला घेऊन पुढच्या हिवाळ्यात लडाखला जायचं म्हणून माहिती विचारायला. दिलीपरावांनी टीव्हीवर व्हिडिओ लावला होता आणि सांगत होते, "एवढा हिच्यासाठी जिवावर उदार झालो बघा. पण पठाणभाई, जागा मात्र एक नंबर. गिरीशचा नंबर देतो."

सविता पदराला हात पुसत बाहेर आली. मी तिच्या मागं. तिनं टीव्ही बंद केला. दिव्याचं बटण दाबावं इतक्या साधेपणानं.

"पठाणभाई," ती म्हणाली, "हे आधीचं बी सांगू द्या त्यांना."

"काय आधीचं?" दिलीपराव म्हणाले.

"मी नको म्हणले होते."

"आता ते कशाला..."

"किती वेळा म्हणले, ते सांगा. अक्का उभी होती तिथं. सगळे टाळ्या वाजवत होते, त्याच्यात मी नको म्हणत होते. तुम्ही हात सोडला, त्याचं मला काही नाही. तुम्ही मेला असता तर पोरांनी काय केलं असतं. पण तुम्ही मला नेलं, आणि आता म्हणता मी वाचवली. असं नका सांगू. मी पाण्यातून वर आले तवा मला कोणीच दिसत नव्हतं. मग अक्का दिसली."

तिचा आवाज चढला नव्हता. पठाणभाई अवघडून चहाचा कप हातात धरून बसले होते. दिलीपराव माझ्याकडं बघायला लागले, मी काहीतरी सावरून घेईन म्हणून. मी नाही सावरलं.

मग ते खाली मान घालून म्हणाले, "व्हय. ती नको म्हणत होती. मीच नेली."

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी असं वाक्य पहिल्यांदा ऐकलं. त्यानं माझा राग गेला नाही. एका वाक्यात जाण्याएवढा तो लहान नाही आणि मी तो घालवणारही नाही, कारण आमच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांनी एवढंसुद्धा म्हटलेलं नाही. सविता पुन्हा आत गेली नाही. ती त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसली.

पठाणभाईंनी कप खाली ठेवला. दोन मुलींचे बाप ते, त्यांना त्यांच्या कामाचं विचारायचं होतं.

"पर भाभी, बर्फ किती जाड होता ओ तिथं? म्हणजे किती जाड असला तर चालतं?"

सवितानं नवऱ्याकडं बघितलं. दिलीपरावांनी तोंडावरून हात फिरवला.

"ते कोणीच बघितलं नाय, पठाणभाई," ते म्हणाले. "बाकीचे उभे होते, म्हणून आम्ही गेलो."